दोन बोटं माया

कंपनीचा मेसेज आला: जागा भरली.
दरमहा एवढे भरा, नाहीतर नवीन काही ठेवता येणार नाही.
एकोणीस वर्षांचे गळे होते त्यात,
पंचकोनी, मटका, बोटनेक, मागून नाडीचे,
सावद्यातल्या अर्ध्या बायकांच्या पाठी.
म्हटलं, या पाठींची मापं मी घेतली,
भाडं कुणाला का भरू?

जुबेर तडवीनं बँकेच्या लिलावातला डबा दिला,
अठराशेला. माउस फुकट.
"मावशी, लिनक्स टाकून देतो. पुढचं मलाबी येत नाही.
पण लिहिलेलं असतं सगळं. वाचायचं."

वाचायचं.
माझं इंग्रजी पॅटर्नच्या पुस्तकातलं:
फोल्ड, कट, टर्न, प्रेस.
त्याच्यावर मी काळ्या पडद्यासमोर बसले
चष्मा पुसत, एका बोटानं टाइप करत,
आणि तो म्हणाला, परमिशन डिनाइड.
माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर.

पहिल्यांदा रडू आलं, खोटं का बोलू.
मग दिसलं की तो ओरडत नाहीये.
बोट दाखवतोय, अमुक ओळ, अमुक शब्द,
जसं मी मुलींना म्हणते,
काख धरतेय, इथून उसव,
कापडावर राग काढू नको.

कुणी बनवलंय हे? नावं वाचली, उच्चारता आली नाहीत.
पैसे कुणीच मागितले नव्हते.
आमच्या गल्लीत बिबड्यांचं असंच असतं,
आज माझ्या गच्चीवर, उद्या फिरकेबाईंच्या,
आणि लाटणं जिचं तिनं घरून आणायचं.
माझं लाटणं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मे महिन्यात डबा एवढा तापला
की वर पापड भाजला असता.
कूलर त्याच्याकडे वळवला.
मुली म्हणाल्या, "बाई, त्याला कूलर
आणि आम्हाला पंखा?"
त्याच दुपारी लाइट गेली. साडेचार तास.
आली, तर डबा सुरू झाला,
आत मात्र काही नाही.
गळे नाहीत, पाठी नाहीत, रिकामा पांढरा चौकोन.

तीन रात्री.
हे म्हणाले, "देऊन टाक ना दरमहा,
दोन ब्लाउजांची तर शिलाई."
मी उत्तर दिलं नाही, ओळी मोजत होते.
आदल्या दिवशी मीच एका फाइलीत हात घातला होता.
ओळ चौदा. शब्द बरोबर, अक्षर बरोबर,
फक्त आधी दोन जागा सोडायच्या होत्या,
मी एकच सोडलेली.

दोन जागा!
सगळ्या तालुक्याला मी हेच शिकवलं,
कडेला दोन बोटं माया सोडा गं,
बाई आज आहे तशी उद्या राहत नाही,
उसवायला, वाढवायला कापडात माया लागते.
आणि मीच कंजुषी केली, रिकाम्या जागेची.

एकदा स्पेस दाबली.
पहाटे पावणेचारला सावद्याच्या सगळ्या पाठी परत आल्या.
सरोदेकाकूंचीही, ज्यांना जाऊन दोन वर्षं झाली,
छाती चौतीस, खांदा साडेतेरा,
शेजारी मीच लिहिलेलं: बाही सैल ठेवणे, हात दुखतो.
ते पुसायचं कसं, हे मला आता येतं.
पुसलं नाही.

सकाळी सुरतेहून हेमांगीनं फोनवर उघडून बघितलं.
"बाई, दिसतंय! कुठून येतंय हे?"
टेबलाखालून, म्हटलं. बॉबिनच्या डब्याशेजारून.

आता एक प्रत इथे, एक कपाटात,
आणि तिसरी काडेपेटीएवढ्या डबीत
रावेरला बहिणीकडे, दादरच्या कोठीवर.
दर एकादशीला तिचा फोन येतो:
"तुझी ती डबी हाये बरं जागेवर.
पण मी काय म्हनते माय,
तिला पोरकिडे तर नाही ना लागत?"